छऱ्याची बंदूक कितीची घ्यावी

प्रतापराव नारखेड्यांनी जन्मात एकदाच बंदूक हातात धरली होती, तीही फैजपूरच्या जत्रेत, फुगे फोडायला. पाच छऱ्यांत एक फुगा फुटला, आणि त्यावर त्यांनी नेम धरलेला नव्हता. तेव्हा ते शाळेत होते. आता सत्तरी ओलांडल्यावर, व्हर्जिनियात पर्सेलव्हिलच्या पुढे पाच एकरांच्या तुकड्यावर घर करून राहिलेला हा निवृत्त इंजिनियर सकाळ-संध्याकाळ बंदुकीशिवाय दुसरं काही बोलत नव्हता. छऱ्याची बंदूक घ्यायची हे पक्कं होतं. अडलं होतं ते कॅलिबरवर, म्हणजे छऱ्याच्या मापावर. वन सेव्हन सेव्हन, ट्वेंटी-टू की ट्वेंटी-फाइव्ह?

बंदुकीची पाळी आली ती वांग्यांमुळे. आणि वांगी म्हणजे बाजारात मिळतात ती जांभळी, चकचकीत, बेचव भोपळी नव्हेत. भरिताची वांगी! हिरवी-पांढरी, हातभर, कमी बियांची. खानदेशातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही जाऊ दे, थंडी पडायला लागली की त्याला शेतावरची भरीत-पार्टी आठवते. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, आणि मांडी घालून पुऱ्यांबरोबर हाणायची. एकतीस वर्षं पंपांच्या कंपनीत नोकरी करताना प्रतापरावांनी एकच स्वप्न पाहिलं होतं, की अमेरिकेत आपली जमीन असावी आणि तिच्यावर आपण पन्नास माणसांना भरीत घालावं. रिटायर झाल्यावर त्यांनी रेस्टनचं घर विकलं आणि इथे आले. पहिली काही वर्षं पार्टी झोकात झाली. मग हरणांनी शोध लावला. दोन वर्षं ओळीनं एक वांगं हाती लागलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी ऋता हर्नडनहून आली आणि तिनं विषय काढलाच. “बाबा, कम ऑन. पाच एकर, गवत, बर्फ, सगळं तुम्ही एकटे करता. आईला ड्राइव्ह करायला जमत नाही आता. आमच्या कम्युनिटीत एक टाउनहाऊस येतंय मार्केटवर. जस्ट थिंक अबाउट इट.”

प्रतापराव चिडले. चिडले की त्यांच्या तोंडून अटी बाहेर पडतात. “ठीक आहे,” ते म्हणाले. “यंदा ऑक्टोबरात भरीत-पार्टी झाली, तर पुढची पाच वर्षं घर विकायचा विषय काढायचा नाही. नाही झाली, तर मी स्वतः बोर्ड लावतो घरावर.”

“डील,” ऋता म्हणाली. त्यांची बायको वसुधा तेव्हा पोळ्या करत होती. तिला कुणी विचारलंही नाही.

मार्च-एप्रिलात प्रतापरावांनी आठ फुटी कुंपण घातलं. हरणं बाहेर राहिली. रोपं तरारली, जूनच्या शेवटाला जांभळी फुलं लागली, आणि प्रतापराव मिशीतल्या मिशीत हसत फिरू लागले. पण जुलैत चमत्कार सुरू झाला. संध्याकाळी मोजून ठेवलेली फुलं सकाळी गायब! कुठे बोटभर वांगं धरलेलं दिसावं, दुसऱ्या दिवशी तिथे नुसता देठ. कुंपणाखाली मात्र एक भोक होतं, आणि भोकाचा मालक गुबगुबीत, तपकिरी, घुशीचा थोरला भाऊ शोभेल असा एक ग्राउंडहॉग होता. तो उन्हात दोन पायांवर उभा राहून प्रतापरावांकडे बघायचा. त्या बघण्यात त्यांना उद्दामपणा दिसायचा.

“मारतोच याला,” त्यांनी जाहीर केलं. आपल्या जागेत उपद्रवी जनावर मारायला कायद्याची हरकत नाही, हे त्यांनी फोन करून विचारून घेतलं. खरी बंदूक घरात नको, यावर वसुधा ठाम होती, म्हणून छऱ्याची.

“अहो, नका मारू त्याला,” ती पुन्हा पुन्हा म्हणायची. “मुकं जनावर. त्यानं काय केलंय तुमचं?”

“काय केलंय? माझं भरीत खाल्लंय त्यानं!”

आता दुसरा एखादा माणूस दुकानात गेला असता, समोर दिसेल ती बंदूक घेऊन आला असता. पण प्रतापराव हाडाचे इंजिनियर. घरातला मिक्सर घ्यायलासुद्धा त्यांना सहा महिने लागले होते, आणि तोवर वसुधानं चटण्या पाट्यावर वाटल्या होत्या. त्यांनी रोज रात्री जेवणानंतर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. वन सेव्हन सेव्हनचा छर्रा हलका, वेगवान, सरळ रेषेत जातो. नेम चांगला लागतो, पण तो उंदरा-पाखरांसाठी. ग्राउंडहॉगला लागला तर तो बिचारा जखमी होऊन बिळात जाणार आणि दोन दिवस कुढत मरणार. ट्वेंटी-टू जड, खार-सशाला पुरते, ग्राउंडहॉगला मात्र अगदी जवळून आणि अचूक डोक्यातच हवी. ट्वेंटी-फाइव्हचा तडाखा मोठा, पण छर्रा लांब गेला की खाली झुकतो, अंतराचा अंदाज चुकला की गेलं सगळं मातीत.

“मुद्दा काय आहे,” ते वसुधाला समजावत, “जनावर मारायचं तर त्याला कळायच्या आत मरण यायला पाहिजे. त्याला तडफडायला लागता कामा नये. आपण माणसं आहोत.”

वसुधा भांडी पुसत हो-हो म्हणायची. तिचं लक्ष असायचं की नसायचं, हे पाहायची प्रतापरावांना सवय नव्हती.

शनिवारी सिद्धेश यायचा. हा पुण्याचा मुलगा, अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरीला. मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि तेव्हापासून तो भाजी न्यायला येई. तो आला की वसुधाच्या अंगात वारं संचारायचं. चांगली साडी नेसायची, थालीपीठ, शिरा आणि वर चिवडा, आणि निघायला लागला की “अरे, कॉफी तरी घे”, कॉफी झाली की “आंबावडी राहिली”. एकदा तर तो गाडीत बसल्यावर खिडकीशी उभं राहून तिनं त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नव्यानं ऐकून घेतलं. आपली बायको फार अगत्यशील, असं प्रतापरावांना वाटायचं आणि बरं वाटायचं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्यांनी सिद्धेशसमोर तिन्ही कॅलिबर मांडली. कुठल्याची ऊर्जा किती, कुठला छर्रा किती झुकतो, सगळं. सिद्धेशनं थालीपीठ संपवलं आणि हात पुसले.

“काका, एक विचारू? तो खातो कशावरून?”

“म्हणजे? भोक आहे ना कुंपणाखाली.”

“भोक आहे, पण खाताना पाहिलंय कुणी? रकून असेल, खार असेल, नाहीतर किडे. आमच्याकडे याला काय म्हणतात माहितेय? रिक्वायरमेंट क्लिअर नाही आणि आपण टूल सिलेक्ट करतोय. यार काका, आधी जनावर कन्फर्म करा, मग कॅलिबर!”

प्रतापरावांना राग आला, कारण पोरगं बरोबर बोलत होतं. दोन महिने त्यांनी छऱ्याचं वजन अभ्यासलं होतं आणि आरोपीची साधी ओळखपरेड केली नव्हती. पुढच्या शनिवारी सिद्धेशनं स्वतःचा ट्रेल कॅमेरा आणून दिला. समोर काही हललं की तो फोटो काढतो आणि फोनवर पाठवतो. संध्याकाळी वसुधा ऋताशी फोनवर बोलत असताना प्रतापरावांनी तो कुंपणाच्या खांबाला, वेलाच्या आडोशानं बांधला. तिला सांगितलं नाही. तिनं पुन्हा मुक्या जनावराची बाजू घेतली असती.

पहिले दोन दिवस वेल आडवा येऊन वाऱ्यानं हलणाऱ्या त्याच्याच पानांचे फोटो आले, म्हणून तिसऱ्या दिवशी न्याहारीनंतर त्यांनी कॅमेरा वांग्यांच्या ओळीकडे वळवला. त्याच दुपारी फोन वाजला आणि प्रतापराव खुर्चीतून उडाले. महाशय आले होते! वांग्यांच्या ओळीत, ऐसपैस बसलेले, तोंड भरलेलं. प्रतापरावांनी कुंपणाच्या खांबावरून त्याची उंची काढली, पोटाचा घेर अंदाजला, आणि निर्णय झाला. एवढ्या धुडाला ट्वेंटी-टू पुरणार नाही.

“ट्वेंटी-फाइव्ह,” रात्री जेवताना ते म्हणाले. “उद्या ऑर्डर करतो. पाहिलं मी त्याला आज.”

वसुधाचा भात कालवता हात थांबला. “वांगी खाताना?”

“तोंड चालू होतं.”

“तोंड काय, माझंही चालू आहे,” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “खरंच मारणार तुम्ही त्याला?”

“अगं, पार्टीला दोन महिने राहिलेत. आता नाही मारला तर घर गेलं आपलं.”

ती ताटात भात तसाच टाकून उठली, आणि अन्न टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण प्रतापराव तेव्हा मनातल्या मनात छर्रे निवडत होते.

सकाळी चहा घेताना त्यांनी ऑर्डर करायला फोन उघडला, तर कॅमेऱ्याचे नवे फोटो आलेले. पहाटेचे. आता हा सकाळीही यायला लागला की काय, म्हणून त्यांनी पहिला फोटो मोठा केला.

फोटोत वसुधा होती. तिची निळी कार्डिगन, हातात पूजेच्या फुलांची परडी. ती रोज उजाडताना पूजेची फुलं आणायला बाहेर जाते, यात नवल नव्हतं. जास्वंद पुढच्या दारी होती, मोगरा कुंडीत. पण ही वांग्यांच्या ओळीत वाकली होती. दुसऱ्या फोटोत तिच्या बोटांत जांभळं फूल होतं. तिसऱ्यात ती पान वर करून आत बघत होती. चौथ्यात परडीत बोटाएवढी तीन-चार वांगी. आणि पाचव्यात, कुंपणापाशी, तो ग्राउंडहॉग बसला होता. समोरचं गवत चघळत तो तिच्याकडे बघत होता. दोघांची चांगली ओळख असावी.

प्रतापरावांनी कालचा फोटो पुन्हा काढला, अगदी त्याचं तोंड स्क्रीनभर दिसेल एवढा मोठा केला. तोंडात गवत होतं. नुसतं गवत. वांग्याच्या रोपाला त्यानं शिवलंही नव्हतं.

स्वयंपाकघरातून वसुधाचा आवाज आला, “अहो, अजून घालू का चहा?”

“नको,” ते म्हणाले. बंदुकीची ऑर्डर राहूनच गेली. आधी त्यांना संताप आला. कुंपण मी घातलं, आळी मी केली, पाणी मी घातलं, आणि घरातच चोर! दुपारपर्यंत संताप सरला आणि लाज वाटायला लागली. का लाज, हे त्यांना लगेच कळेना. मग हळूहळू एकेक आठवत गेलं. सिद्धेशच्या गाडीच्या खिडकीशी उभी राहिलेली वसुधा. रेस्टनला असताना हॉस्पिटलच्या लॅबमधून घरी येऊन मैत्रिणींच्या गोष्टी सांगणारी वसुधा, आणि इथे आल्यापासून सांगायला गोष्टच नसलेली वसुधा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट जमलं नाही तेव्हा तिनं गाडीची किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. इथून जवळचं घर दिसतंसुद्धा नाही. त्यांना हे सगळं माहीत होतं. माहीत असून त्यांनी त्याचं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी प्रतापराव उठले. थर्मासमध्ये चहा भरला, जमेल तसा, साखर जास्तच पडली. वांग्यांच्या ओळीशी बादली पालथी घालून ते बसून राहिले. दव पडलेलं होतं, पाय भिजले.

फाटकाची कडी वाजली. वसुधा परडी घेऊन आत आली, दोन पावलं चालली आणि त्यांना पाहून जागच्या जागी थांबली.

“ये,” प्रतापराव म्हणाले. “चहा आणलाय.”

तिनं परडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. सबब सांगावी असं क्षणभर तिच्या तोंडावर आलं आणि गेलं. ती पुढे येऊन दुसऱ्या बादलीवर बसली.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“पहिली फुलं आली तेव्हापासून.” तिचा आवाज शांत होता. “सगळी नाही हो खुडली. पानांच्या आडची राहिली काही. मला दिसत नाही नीट.”

“आणि माझ्या हातानं तो बिचारा मेला असता.”

“नसता मेला. परवा तुम्ही ट्वेंटी-फाइव्ह म्हणालात तेव्हाच ठरवलं होतं, सांगून टाकायचं. काल पहाटे उठले ती सांगायलाच. तुम्ही झोपला होतात. मग म्हटलं, आधी फुलं खुडून घेऊ.”

प्रतापरावांना हसू आलं. ते त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. “अगं, पण मला सांगायचंस ना एकदा, की इथे नाही राहायचं.”

“एकदा?” वसुधानं परडी खाली ठेवली. “आल्यापासून सांगतेय. तुम्ही म्हणता, बघू. हिवाळा संपू दे, बघू. कुंपण होऊ दे, बघू. ऋतासमोर अट घातलीत, मी तिथेच पोळ्या करत होते, माझ्याकडे मान वळवून बघितलंत का? मला तुमचं शेत आवडत नाही असं नाही. तुम्ही मातीत काम करून येता तेव्हा किती खूश असता, ते मला दिसतं. म्हणून तर तोंडानं बोलवेना. पण मला माणसं लागतात हो. संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभं राहून, आज काय केलंस गं जेवायला, असं विचारायला लागतं मला. इथे मी कुणाला विचारू?”

प्रतापरावांनी तिच्यापुढे चहा धरला.

“दोन महिने तुम्ही त्या ग्राउंडहॉगचा विचार करताय,” ती म्हणाली. “त्याला किती लागेल, त्याला त्रास होईल का, त्याला तडफडायला नको. रोज रात्री. मी ऐकत बसायची. मला वाटायचं, एवढा विचार एक दिवस, एकच दिवस, माझा करा.”

पूर्वेला लाली आली. कुंपणाच्या भोकातून तो तपकिरी गृहस्थ बाहेर आला, दोघांना पाहून थबकला आणि परत आत गेला. प्रतापरावांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते वसुधाकडे बघत होते. तिच्या बोटांची टोकं वांग्याच्या काट्यांनी लाल झाली होती. रोज पहाटे, अंधुक उजेडात, नीट दिसत नसलेल्या डोळ्यांनी तिनं हे केलं होतं. आणि त्यांना वाटत होतं, ती देवासाठी फुलं आणतेय.

ते उठले. गुडघे कुरकुरले. समोरच्या रोपावर, खालच्या फांदीला, एक फूल टवटवीत उमललेलं होतं, नुकतं, तिच्या नजरेतून सुटलेलं. त्यांनी वाकून ते खुडलं आणि तिच्या परडीत टाकलं. मग शेजारचं खुडलं. मग पुढच्या रोपाला हात घातला.

“अहो! हे काय करताय?”

“मला दिसतं ना नीट. पानांच्या आडची मी काढतो, तू वरची काढ. अट म्हणजे अट. अर्धवट ठेवून कसं चालेल?”

वसुधानं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते त्यांना कळलं नाही, आणि तिलाही कळलं नसावं. जरा वेळानं ती उठून त्यांच्या शेजारी आली आणि वरची फुलं खुडायला लागली. ओळ संपली तेव्हा ऊन वर आलं होतं. परडी काठोकाठ भरली होती आणि प्रतापरावांच्या छातीत काहीतरी दुखत होतं. एकतीस वर्षांचं स्वप्न होतं ते, दुखणारच.

रविवारी त्यांनी स्वतःच ऋताला फोन लावला, स्पीकरवर. वसुधा समोर बसून मटार सोलत होती.

“ते टाउनहाऊस गेलं का गं?”

“वेट, व्हॉट? बाबा, सीरियसली?” पलीकडे ऋता किंचाळलीच. “नाही गेलं! पण पार्टीचं काय? वांगी?”

“एक नाही राहिलं.”

“ओ नो. आय अ‍ॅम सो सॉरी, बाबा.” ती खरंच हळहळली. “त्या कॅमेऱ्यात आलं का काही? मंडळात सिद्धेश भेटला, तो म्हणाला तुम्ही लावलाय म्हणून. कोण खात होतं?”

वसुधाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं मान वर केली नाही.

“ग्राउंडहॉगच,” प्रतापराव म्हणाले. “दुसरं कोण असणार? आणि त्याची काही चूक नव्हती गं. त्याला भूक लागलेली होती, माझ्याच लक्षात यायला उशीर झाला.”